म्हसोबाचा थांबा

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, लिहा. काय खाल्लं, किती वाजता गेलात, किती वेळा गेलात आणि तेव्हा मन कसं होतं. सहा आठवडे. मी म्हटलं, डॉक्टर, मी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे, गाडीचं लॉगबुक लिहितो तेवढं पुरे नाही का? ते हसले नाहीत.

तर लिहितो. चहा एक, पाव दोन. ४.५० ला गेलो. ५.०२ ला गेलो. ५.१५ ला परत — तेव्हा वर्षाली दाराबाहेरून म्हणाली, "आता तुमचं अंथरूण पण तिथंच टाकू का?" मन : बायकोवर भडकलेलं.

रिपोर्ट सगळे नॉर्मल. रक्त, सोनोग्राफी, ते डबीतलंसुद्धा. वर्षालीला जरा वाईटच वाटलं. एवढ्या फेऱ्या मारल्या आणि काहीच नाही निघालं? डॉक्टरांनी समजावलं — आतड्यात बिघाड दिसत नाही, आतडं चिडखोर आहे. त्याला आय.बी.एस. म्हणतात, तेच असावं, पण नक्की नंतर सांगतो. जिवाला धोका नाही. टेन्शन घेतलं की चिडतं. आमच्या घराण्यात सगळे चिडखोर, आतडं तेवढं शांत राहिलं होतं. आता तेही गेलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सांगवीहून गाडी ५.३५ ला सुटते. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, मग चाकण. ६.५० ला गेटवर अडतीस माणसं उतरवायची. ती पंच करून आत जातात आणि मी पार्किंगमध्ये सुटेपर्यंत मोकळा. हे तिथंच लिहितोय, सीटवर बसून, काच वर करून.

या रस्त्यावरचे खड्डे मला माहीत नाहीत, पण दारं सगळी पाठ आहेत. पेट्रोल पंपाचं — कडी नाही. भोसरीतल्या हॉटेलचं — सहाशिवाय उघडत नाही. मोशीच्या पुढं एकही नाही. मोशी ते गेट, पाऊण तास. त्या पाऊण तासाची भीती मला रात्रीच्या जेवणापासून वाटायला लागते. भाकरी हातात असते आणि मी मोशीत असतो.

तरी पोटाचं एक वेळ सोसेन. कळलं तर काय, हे सोसणार नाही. गेल्या वर्षी तळवड्याच्या एका कंपनीची गाडी चालवायचो. तिथं एकदा गाडी मधेच थांबवून शेतात पळालो आणि दुसऱ्या दिवसापासून माझं नाव 'लोटा' पडलं. सहा महिने. "लोटा, एसी वाढव." "लोटा, आज उशीर का?" वॉचमननं गेटच्या वहीत पेन्सिलीनं तेच नाव टाकलं होतं. पगार बरा होता तरी सोडली ती गाडी. इथं कुणाला कळू द्यायचं नाही, मग पोट बरं झालं नाही तरी चालेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीला साप्ताहिक सुट्टी. दिवसभरात एकदाच गेलो. पोटाला गुरुवार कळतो!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज झालंच.

इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि पुढं ट्रक, कंटेनर, सगळं ठप्प. पोटात कळ आली. थंडी असून घाम फुटला. मनात आकडे म्हणत होतो — शंभरपर्यंत जायचं, मग परत एकपासून. बहात्तरवर हिंमत संपली. डाव्या हाताला रस्त्याकडेला म्हसोबाचं छोटं देऊळ आहे, त्याच्या मागं आडोसा तरी मिळेल. गाडी घेतली बाजूला. "दोन मिनिटं हं" म्हणालो आणि उतरलो. पळालो नाही. पळाल्यासारखं न दिसता जमेल तेवढं जोरात चाललो.

मागं निळ्या पत्र्याचं संडासाचं दार, पण दाराला कुलूप. कुलपापुढं झाडू घेऊन एक म्हातारी. गिरजाबाई. देवळाची झाडलोट त्याच करतात, किल्ली त्यांच्या कमरेला. म्हटलं, आजी, लवकर द्या. तर म्हणतात, "हे भक्तांसाठी हाय. आधी देवापुढं घंटा वाजीव, पाया पड, मंग किल्ली." म्हटलं, आजी, वेळ नाही. "मंग देवाला तरी कुठं येळ हाय?"

वाजवली घंटा. पडलो पाया. इतक्या मनापासून मी आजवर कुठल्याच देवाच्या पाया पडलो नव्हतो.

परत आलो तर अख्खी बस माझ्याकडे बघतेय. गेलो कामातून, असं वाटलं. पण पुढच्या सीटवरच्या छबूबाईंनी — कंपनीच्या कँटीनमध्ये असतात, गाडीत त्यांचाच कारभार चालतो — हात जोडलेले. "रोज इथनं जातो आपण, पण उतरून पाया पडणारे तुम्ही पहिलेच, नवनाथभाऊ. नवस आहे का काही?"

मी म्हटलं, "हो."

देवळाची मागची बाजू रस्त्यावरून दिसत नाही. मन : या गाडीवरच्या आठ महिन्यांत पहिल्यांदा हलकं.

८ नोव्हेंबर, शनिवार

थांबलो. घंटा, पाया, किल्ली. चार मिनिटं. गेटवर ६.५४.

१० नोव्हेंबर, सोमवार

छबूबाईंनी घरून झेंडूची फुलं आणली होती. "माझ्यातर्फे वाहा." ओंजळीत फुलं घेऊन कळ दाबत चालणं फार अवघड असतं. हे डॉक्टरांना सांगून कळायचं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आता मी भक्त आहे. गाडीत मला कुणी नवनाथ म्हणत नाही, 'महाराज' म्हणतात. थट्टेत नाही, खरंच! लाइनवर काम करणारा सुजित सगळ्यांची टिंगल करतो, तोसुद्धा उतरताना कानाशी आला. "महाराज, परमनंटची यादी लागणार आहे. तुमच्या म्हसोबाला जरा माझं नाव सांगा ना." म्हटलं, सांगतो. पण तिथं उभा असतो तेव्हा मला फक्त किल्ली दिसते.

आणखी एक भानगड. छबूबाई प्रसादाला पेढे आणायला लागल्या. पहिला पेढा भक्ताला, म्हणजे मला. आणि तोंडात जाईपर्यंत त्या हलत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते दूध टाळून बघा. टाळतोय ना. चहा सोडला, दही सोडलं, आणि रोज सकाळी सहाला खव्याचा पेढा खातोय.

वहीत काय लिहू? ६.०५, प्रसाद. ६.२०, कळ.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पेढे दोन. गिरजाबाईंच्या पण लक्षात आलंय. म्हणाल्या, "देव देतोय न् तुजं प्वाट घेत न्हाई व्हय रं?" या बाईला सगळं माहीत आहे. पण ती बोलणार नाही, तिला भक्त टिकवायचाय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पेढ्यातून सुटायची युक्ती सापडली. छबूबाईंना म्हटलं, उद्यापासून माझा मंगळवारचा उपवास, काही खाणार नाही. पुढं बुधवार, शुक्रवार पण वाढवत नेईन. चेहरा मुद्दाम गंभीर ठेवला होता. त्या भारावल्या. मी खूश. डोकं चालतं आपलं कधीकधी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साबुदाण्याची खिचडी! डबाभर! शेंगदाण्याचं कूट, वरून तूप, मिरच्या हिरव्यागार. "उपवासाला चालते. पहाटे तीनला उठून केली हो तुमच्यासाठी." नाशिक फाट्यावर गाडी सिग्नलला उभी असताना त्या मागून चमचा घेऊन उभ्या. नाही कसं म्हणणार? तीनला उठलेल्या बाईला नाही म्हणायची माझी छाती नाही.

पुढचं लिहायची लाज वाटते, पण डॉक्टर म्हणाले सगळं लिहा.

मोशीतच कळलं की आज आकडे म्हणून भागणार नाही. देवळापाशी गाडी थांबवली ती अर्धी रस्त्यातच. उडी मारली. एक चप्पल पायरीवर राहिली, दुसरी कुठं गेली माहीत नाही. घंटा वाजवली नाही. पाया पडलो नाही. गिरजाबाईंनी माझा अवतार बघितला आणि काही न बोलता किल्ली लांबूनच फेकली. मी पळत होतो आणि ओरडत होतो, असं त्या नंतर म्हणाल्या. काय ओरडत होतो ते विचारलं नाही.

आठ मिनिटांनी अनवाणी परत आलो. वाटलं, संपलं. आता नवीन नाव पडणार, आणि ते लोट्यापेक्षा वाईट असणार. पण चढलो, आरशात बघितलं — सगळे झोपलेले. अडतीसच्या अडतीस जण, डोळे मिटून, माना टाकून. सुजित तर घोरत होता. माझ्या दोन्ही चपला पायरीवर नीट जोडीनं ठेवलेल्या होत्या. कुणी रस्त्यावरच्या भल्या माणसानं ठेवल्या असतील.

वाचलो. नशीब माझं, फर्स्ट शिफ्टच्या माणसांना झोप फार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वाचलो कसला! छबूबाईंनी आज जाहीर केलं — उद्याची सुट्टी सोडून रोज देवळात पूर्ण आरती. नुसतं हात जोडून जाणं बरं नव्हे. पितळी निरांजन, कापूर, टाळ, सगळी तयारी पिशवीत घेऊनच आल्या होत्या. अख्खी गाडी खाली उतरली. अझहर आणि आरफा तेवढे गाडीशी थांबले, अझहरनं मागून येणाऱ्या ट्रकना हात दाखवायचं काम घेतलं.

मी सगळ्यांच्या मागं उभा राहिलो, टाळ सुरू झाल्यावर हळूच सटकलो. एक बरं, टाळांच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. आतून मी पण आरती म्हणायला लागलो, म्हणजे मी तिथंच आहे असं वाटेल. गिरजाबाईंनी दारावर झाडू हाणला. "आतून म्हनू नगंस, बाबा! बाहीर आल्यावर म्हन!" बरोबर आहे त्यांचं. कान धरून माफी मागितली.

प्रसादाला आज केळं. पेढे महागले म्हणे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बसला नवीन जी.पी.एस. लावलंय. ठेकेदाराचे सुपरवायझर सयाजीराव स्वतः उभे राहून लावून गेले. गाडी वाटेत तीन मिनिटांच्या वर उभी राहिली की त्यांच्या मोबाइलवर घंटी वाजणार. "तीन घंट्या झाल्या की ड्रायव्हर रांजणगावच्या गाडीवर," असं म्हणाले. सगळ्या ड्रायव्हरना म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते, असं मला वाटलं.

रांजणगावच्या रस्त्यावर मला एकही दार माहीत नाही. आणि तिथली माणसं नवीन. पहिल्याच आठवड्यात नाव पडेल.

मन : हे काय विचारता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज ठरवून निघालो, थांबायचं नाही. काल दुपारपासून जेवलो नव्हतो. पोटात काही नाही, तर काय येणार?

येतं. कुठून येतं देव जाणे. पुलावरच कळ. दात आवळून देवळावरून गाडी पुढं काढायला लागलो तर मागून छबूबाई कडाडल्या, "ओ महाराज! देवाला डावलून जाता का?" मग सुजित, मग सगळेच. "थांबवा, थांबवा!" आरफासुद्धा. मी म्हटलं, सयाजीरावांची घंटी वाजते. छबूबाई म्हणाल्या, "वाजू दे. आपली घंटा आधीची आहे."

असा राग आला होता त्यांचा! देवभोळेपणाला काही सीमा? माझी नोकरी जाईल आणि हे कापूर लावत बसलेत. पण त्याच वेळी माझा पाय ब्रेकवर इतक्या प्रेमानं पडला, काय सांगू.

घंटी पहिली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी चष्मा काढून वाचली, मधेच एकदा तोंड फिरवून खोकले. हसले असणार. मग लाल पेननं 'पेढा' आणि 'खिचडी'भोवती गोल केला. आणि मग 'मन' लिहिलेल्या ओळीओळीवर बोट ठेवत गेले. "गुरुवारी तुम्हाला काही होत नाही. केळं खाल्लं तरी मोशीला होतं, उपाशी राहिलात तरी होतं. औषध देतोच आहे. पण तुमच्या पोटाला खाण्याइतकीच भीतीही बाधते. गाडीतल्या लोकांना एकदा सांगून का टाकत नाही?"

फी परत मागावीशी वाटली.

घरी वर्षाली पण तेच. "सांगा की. काय करतील?" म्हटलं, तुला 'लोटा' म्हणून कुणी बाजारात हाक मारली होती का? तिनं ताटात मऊ भात वाढला.

१ डिसेंबर, सोमवार

मधले दिवस कसंबसं तीन मिनिटांत आटपलं. आज घंटी दुसरी. आणि या वेळी नुसती घंटी नाही, फोन. मी मागं होतो, मोबाइल डॅशबोर्डवर. फोन ब्लूटूथवर आपोआप उचलला जातो आणि गाडीभर ऐकू येतो, हे मला आधीच सुचायला हवं होतं. परत आलो तर सयाजीरावांचा आवाज घुमत होता — "काय देवदर्शन लावलंय रे रोज? आणखी एक थांबा दिसू दे, मग बघतो!"

मी गिअर टाकला. आरशात दिसलं, छबूबाई वहीचं पान फाडत होत्या.

२ डिसेंबर, मंगळवार

तिसरी. उद्या साडेअकराला भोसरीच्या ऑफिसात बोलावलंय.

सांगून टाकणार आहे. आजार आहे म्हणून सांगणार, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवणार. रांजणगाव नको म्हणून हात जोडणार. मग ते हसतील, ऑफिसातला पोरगा हसेल, संध्याकाळपर्यंत सगळ्या ड्रायव्हरना कळेल. होऊ दे. तोंडात चव नाही. वर्षालीनं शर्टाला इस्त्री केली, लग्नाला जाताना करते तशी.

३ डिसेंबर, बुधवार

ऑफिसच्या दारातच विचारलं, "इथं संडास कुठं आहे?" आधी तिकडं जाऊन आलो, मग आत गेलो.

सयाजीरावांसमोर एक कागद पडलेला. चिठ्ठी काढायला मी खिशात हात घातला तर ते म्हणाले, "राहू दे. बस." आणि कागद माझ्याकडे ढकलला. वहीचं पान, छबूबाईंचं मोठं मोठं अक्षर. म्हसोबाचा थांबा ड्रायव्हरचा नसून आम्हा प्रवाशांचा आहे, तो आमच्या आग्रहानं होतो, ड्रायव्हरचा त्यात दोष नाही, त्यासाठी आम्ही घरून पंधरा मिनिटं लवकर निघायला तयार आहोत. खाली अडतीस सह्या. एक अंगठा.

"धार्मिक बाबतीत मी पडत नाही," सयाजीराव म्हणाले. "पंधरा मिनिटं लवकर काढ गाडी. थांबा लिहून टाकतो रूटमध्ये. बारा मिनिटं. पुरेत?"

मी म्हटलं, "पुरतात."

चिठ्ठी खिशातच राहिली. बाहेर येऊन टपरीपाशी उभा राहिलो. सुटलो म्हणून उडी मारायला पाहिजे होती, पण मला माझीच लाज वाटली. पहाटे पाचच्या आत घर सोडणार ही माणसं. अडतीस भाबडी माणसं, देवासाठी म्हणून सह्या करून बसली, आणि मी माझ्या पोटासाठी त्यांना फसवतोय. हे पाप कुठं फेडू?

४ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी, तरी आज तीनदा.

कागदाचा फोटो मोबाइलमध्ये काढून आणला होता, तो सारखा बघतोय. अकरावी सही अझहरची. तेविसावी आरफाची. ते दोघं तर कधी देवळापाशी येत नाहीत. अझहर आरतीसाठी सही कशाला करेल? आणि पाव तास झोप कमी करून?

उद्या त्याला विचारतो. आणि सगळ्यांना खरं सांगून टाकतो. नाव पडायचं तर पडू दे.

५ डिसेंबर, शुक्रवार

अझहर भोसरीला चढला, त्याला पुढं बसवून घेतलं. विचारलं. तो रस्त्याकडे बघत हळूच म्हणाला, "खिचडीच्या दिवशी सगळ्यांनी बघितलं, भाऊ. चपला मीच उचलल्या. तुम्ही परत येताना छबूबाई म्हणाल्या, डोळे मिटा रे सगळे. आरतीपण त्यांनीच काढली, तुम्हाला वेळ मिळावा म्हणून. मागचं दार उघडेपर्यंत म्हणत राहायचं, असं ठरलंय."

मोशीच्या पुढं मला समोरचं दिसेना. डोळे पुसायला गाडी बाजूला घेतली. दुसरं काही नव्हतं, पोट अगदी शांत होतं. पण मागून छबूबाईंचा आवाज आला, "आज इथंच का? बरं. चला, उतरा सगळे." आणि मी नाही-नाही म्हणेपर्यंत अडतीस माणसं खाली उतरून, एका बंद पंक्चरच्या दुकानाकडे तोंड करून टाळ वाजवायला लागली.